रंगाला बांध

पहिलीच्या मुलांना चित्रं रंगवायला का द्यायची, याची माझी कारणं ठरलेली होती. बोटांना वळण लागतं, हे पहिलं. सांगितलेलं ऐकून तेवढंच करायची सवय लागते, हे दुसरं. तिसरं कारण मी पालकसभेत सांगत नसे. पन्नासेक मुलं एकदम रंगवायला बसली की वर्ग थोडा वेळ शांत होतो, आणि तेवढ्यात हजेरी, खिचडीचा तक्ता आणि मोठ्या बाईंनी मागितलेली माहिती एवढं उरकून घेता येतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना माहिती नेहमी कालच हवी असे.

शाळा हडपसरच्या पुढे, मांजरीच्या बाजूला. मी राहायला सदाशिव पेठेत, त्यामुळे रोज स्कूटरवरून शहर आडवं ओलांडायचं. ते दिवस असे होते की एका बाजूला ऊस उभा, दुसऱ्या बाजूला इमारतीचे खांब उभे, आणि मधल्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आणि कॉम्प्युटर कंपनीची बस एकमेकांना जागा देत नाहीत. वर्गातही तसंच होतं. निम्मी मुलं गावातली, ज्यांच्या घरी अजून शेती होती. बाकीची नव्या सोसायट्यांमधली. कोणाचे वडील कारखान्यात, कोणाचे कंपनीत, कोणी नागपूरकडून आलेले, कोणी लातूरकडून. कोणाकडे परदेशातून आलेली रंगांची पेटी असे, तर कोणाकडे पांढरा धरून चारच खडू.

म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांचे मेणाचे खडू एका मोठ्या डब्यात गोळा करत असे. आणि त्यांचे तुकडे करत असे. पालकांना हे पटत नसे. "बाई, नवीन खडू होता हो," असं दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच. पण त्यामागे कारण होतं. लांब खडू मूल मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात हलवत राहतं. तुकडा मुठीत मावत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. चिमूट बसली की पेन्सिल धरता येते. पेन्सिल धरता आली की अक्षर. हा रस्ता मी इतक्या मुलांना नेऊन दाखवला होता की त्यात काही अडेल असं मला वाटत नव्हतं.

त्या वर्षी ते अडलं. जूनमध्ये एक मुलगी वर्गात आली. वडील वर्ध्याकडचे, जवळच्याच एका कॉम्प्युटर कंपनीत नव्याने लागलेले. मांजरीत भाड्याचा फ्लॅट घेतला होता. मुलगी वर्गात सगळ्यांत उंच, कारण वर्षभर उशिरा शाळेत घातली होती. लहानपणी मोठं दुखणं झालं आणि त्यातून उठली तेव्हा उजव्या हाताची बोटं सैल पडली होती. तिला मी खडूचा तुकडा दिला. तिने तो चिमटीत धरला, पानावर दोन फिक्या रेघा ओढल्या आणि तुकडा खाली ठेवला.

"झालं?" मी विचारलं.

"हात संपला," ती म्हणाली.

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, पाटी पुसून झाली असं सांगावं तसं. डाव्या हाताने करून बघितलं, तर त्याला खडूचं वळणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुकडा हातात घेतलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रंगकामाच्या तासाला ती हाताची घडी घालून बसायची आणि शेजारणीला कुठे कोणता रंग भरायचा ते सांगायची. शेजारीण गावातली होती, घरी ऊस आणि म्हशी असलेली, बडबडी. तिला कोणी काही सांगितलेलं चालायचं नाही.

"तू भर की मंग तुजं. माज्यावर कशाला हुकूम सोडतीस?"

"माझा हात खराब आहे."

"कुटं खराब हाय? चांगला पाच बोटांचा तर हाय."

सहामाहीनंतर मी आईवडिलांना बोलावलं. मोठ्या बाईंच्या खोलीत बसलो. आमच्या शाळेचा नियम कडक होता. पहिलीतून दुसरीत जाताना फळ्यावरची पाच वाक्यं बघून वहीत लिहिता आली पाहिजेत. बाकी सगळं तोंडी चालेल, पण तेवढं लेखी. नाही आलं तर मूल पुन्हा पहिलीत. मोठ्या बाईंनी हे नेहमीप्रमाणे एका दमात सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

आईच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. "आधीच एक वर्ष मागं आहे मॅडम तिचं. अजून एक बसली तर दोन वर्षांनी मोठी होईल सगळ्यांत. आताच म्हणते, मी एकटीच एवढी उंच काहून?"

वडील बोलायला लागले तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब होता. "डॉक्टरांना दाखवलं आम्ही. तुमच्या सदाशिव पेठेतच आहे त्यांचं क्लिनिक. हाडात, नसेत काही दोष नाही म्हणाले. हात वापरायला लावा म्हणाले. पण मॅडम, एक सांगू का? मी ऑफिसात दिवसभर काम करतो, पेन हातातच नाही घेत. सगळं कीबोर्डवर. ही मोठी होईपर्यंत तर कोणीच लिहून नाही राहणार. मग त्या पाच वाक्यांसाठी एवढी—"

"तुम्ही नका सांगू जी असं," आई मध्येच म्हणाली. "तिच्यासमोर तर बिलकुलच नका सांगू."

"तिच्यासमोर कुठं सांगून राहिलो?"

"घरी सांगता ना. काल म्हणाले तुम्ही, पोरी, घाबरू नको, आपण कॉम्प्युटर आणू."

मोठ्या बाई चष्मा चढवत म्हणाल्या, "तुमचं खरंही असेल. पण ती मोठी होईपर्यंत माझी शाळा थांबणार नाही. एप्रिलपर्यंत पाच वाक्यं."

मी वहीत लिहून घेतलं. कामं लिहून घेतली की ती अर्धी होतात अशी माझी समजूत होती. या कामापुढे काय लिहायचं तेच मला सुचेना.

मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. कणकेचे गोळे वळायला दिले, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला दिले, मण्यांची माळ ओवायला दिली. हे सगळं ती थोडंथोडं करायची. खडू समोर आला की हात मांडीखाली. मला नंतर लक्षात आलं की तिला दुखण्याची भीती नव्हती. तिला पानाची भीती होती. मणी सुटला तर उचलता येतो. पानावर फिकी, वाकडी रेघ उमटली की ती तिथेच राहते, आणि शेजारणीच्या भडक आंब्याशेजारी ती सगळ्यांना दिसते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत संगणक खोली झाली. एका देणगीदारांनी कंपनीतून निघालेली जुनी यंत्रं दिली. खोलीला पडदे लागले, जमिनीवर सतरंजी आली, नारळ फुटला. मोठ्या बाईंनी दारावर सूचना लावायला सांगितली आणि आम्हा शिक्षकांना तोंडी सांगितलं, "आत जाताना चपला आणि शंका दोन्ही बाहेर ठेवायच्या." शिकवायला एक तरुण बाई येऊ लागल्या. त्यांचं बोलणं असं, "मुलांनो, आता सगळ्यांनी नीट सिलेक्ट करा आणि मग क्लिक करा, ओके?" गावातली मुलं पहिल्याच दिवशी ओके म्हणायला शिकली.

पहिलीच्या मुलांना संगणकावर काय शिकवायचं? चित्र रंगवणं. कागदावर जे करत होतो तेच. त्यासाठी वेळापत्रकातला रंगकामाचा एक तास काढून घेतला होता, म्हणून मी थोडी रागातच मुलांना घेऊन तिथे गेले. पडद्यावर उंदराने, म्हणजे माउसने, रेघ काढायची. मग रंगाच्या बादलीचं चित्र निवडायचं आणि आकाराच्या आत एकदा दाबायचं. आख्खा आकार क्षणात रंगतो. एकही रेघ ओढावी लागत नाही, काही बाहेर जात नाही, कोपरा उरत नाही.

त्या मुलीचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. बाईंनी तयार काढून ठेवलेला आंबा तिने एका टिचकीने पिवळा केला. मग लाल. मग निळा. मग परत पिवळा. हात दुखला नाही, रंग फिका पडला नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी रंगवलं."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मनात आलं, वडिलांचं म्हणणं खरं ठरणार. आता हिला खडू कोण धरायला लावणार?

पुढच्या तासाला तयार चित्र नव्हतं. आकार स्वतः काढायचा होता. एका यंत्रासमोर दोघी, ही आणि तिची शेजारीण. हिने दोन्ही हातांनी माउस धरून एक पान काढलं. पिंपळाचं असावं. वळणं थरथरलेली, पण पान कळत होतं. मग बादली घेतली, हिरवा रंग निवडला आणि पानात टिचकी मारली. पडदा सगळा हिरवा झाला. पान, आकाश, कोपरे, सगळं.

"अगं बया!" शेजारीण ओरडली. "बाई, बांध फुटला! समदं रान भिजलं!"

सगळा वर्ग उठून पाहायला आला. ती मुलगी रडकुंडीला आली. तिला वाटलं, इथेही हात खराबच निघाला. संगणकाच्या बाई समजावून सांगू लागल्या, "काही नाही गं, लाइन कुठेतरी ओपन राहिलीय, त्यातून कलर लीक झालाय." तिला ते कळलं नाही. शेजारणीला मात्र बरोबर कळलं होतं.

"कुटंतरी दार उघडं राहिलंय," ती म्हणाली. "दारं धरायची न्हाईत का आदी? आमचे आबा असं करत्यात. सरीच्या तोंडाला माती लावत्यात, न्हाईतर पानी भलतीकडंच जातं."

शहरातल्या मुलांना हे माहीत नव्हतं, म्हणून मी तिथेच सांगून टाकलं. उसाला पाणी देताना दोन वरंब्यांमधली सरी भरली की तिच्या तोंडाशी फावड्याने माती ओढून दार बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. या कामाला दारं धरणं म्हणतात. जरा फट राहिली तरी पाणी तिथून निसटतं. आमच्या शाळेच्या मागेच हे रोज चालायचं. खिडकीतून दिसायचं. मुलांनी त्याकडे आणि मी मुलांकडे इतकी वर्षं पाहिलं होतं, पण त्याचा रंगकामाशी संबंध आहे हे कोणाला सुचलं नव्हतं.

मी हिरवा रंग परत काढून टाकला. मुलीने मग एक गोष्ट केली. पडद्याला बोट लावून ती पानाच्या रेघेवरून हळूहळू फिरू लागली. उजव्या हाताचं बोट, तेच सैल पडलेलं. देठापाशी येऊन थांबली. "इथं आहे," ती म्हणाली. बारीकशी फट होती, मलाही चष्मा लावून पाहावी लागली. तिने माउस धरला, दात ओठावर आले, आणि ती फट बुजवली. मग बादली. पान हिरवं झालं आणि पान तेवढंच हिरवं झालं.

त्या रात्री नाही, त्याच दुपारी, मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी कामाला लागले. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर चित्रं काढून त्यांच्या प्रती छापायची मला सवय होती. आजवर मी रेघा जाड आणि अखंड ठेवत असे, मुलांचा रंग बाहेर जाऊ नये म्हणून. आता मुद्दाम फटी सोडल्या. घागर काढली, तिच्या काठाला फट. मासा काढला, शेपटीला फट. गाय काढली, पोटाखाली फट. शाईच्या रोलरखालून कागद काढले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाटले.

खेळाचा नियम साधा ठेवला. आधी चित्रातली उघडी दारं शोधायची. प्रत्येक दार खडूच्या तुकड्याने पक्कं बंद करायचं. मग कागद शेजाऱ्याला द्यायचा. त्याला एखादं दार उघडं सापडलं तर त्याने तिथून आपला रंग बाहेर सांडवायचा. सगळं बंद असेल तरच रंग भरायला सुरुवात.

वर्गात जी धमाल झाली ती शेजारच्या वर्गातल्या बाईंनी येऊन थांबवली. रंगकामाच्या वेळची शांतता गेली ती कायमचीच. पण ती मुलगी कागदावर वाकली होती. दारं शोधण्यात तिच्याइतकं कोणी तरबेज नव्हतं. नजर पहिल्यापासूनच पक्की होती, इतके महिने दुसऱ्यांची चित्रं पाहूनच ती रंग सांगत होती. आणि दार बंद करायला लागते ती रेघ केवढी? तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्यात हात संपत नव्हता. एक दार, मग हात मांडीवर. दुसरं दार, पुन्हा विश्रांती. दार पक्कं नसेल तर शेजारीण रंग सांडवायला टपलेलीच होती, म्हणून दाब द्यावा लागायचा. फिकी रेघ तिथे चालणार नव्हती.

"हितं वाईच पोकळ हाय," शेजारीण कागद उन्हात धरून म्हणायची.

"नाही. बघ ना नीट."

"हाय म्हन्ते ना."

मग ती मुलगी कागद ओढून घेऊन तिथे दुसऱ्यांदा रेघ मारायची, खडू मोडेपर्यंत. मला तिला काही सांगावं लागत नव्हतं. शिक्षकाचं निम्मं काम शेजारी बसलेलं मूल करतं, हे त्या वर्षी मी माझ्या नोंदींमध्ये लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मग मी फटी वाढवत नेल्या. आधी दाण्याएवढ्या, मग नखाएवढ्या, मग बोटभर. डिसेंबरअखेर चित्रांत रेघ कमी आणि फट जास्त अशी परिस्थिती आली. जानेवारीत मी चित्रं सोडून अक्षरं घेतली. पोकळ, मोठी अक्षरं, त्यांतही फटी. ग, म, न, व. मुलांनी ती दारं लावली आणि आत रंग भरले.

इथे एक घोटाळा झाला. टोपीचा ट आला तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांनी त्याचं पोटही बंद करून टाकलं. एवढी मोठी फट बाईंनी सोडली, म्हणजे लावायचीच असणार. आख्ख्या वर्गात ठोप्या झाल्या. त्याच आठवड्यात कागदावर घरं काढायला दिली, तर एकाही घराला दार नाही, एकाही खिडकीला उघडी बाजू नाही. रस्तेसुद्धा दोन्ही टोकांना बंद. मी विचारलं, या घरातली माणसं बाहेर कशी येणार? मुलं आपापल्या घरांकडे पुन्हा बघू लागली. शेवटी शेजारीण म्हणाली, "बाई, समदीच दारं लावली तर पानी म्होरं कसं जाईल? एक उगडं ठिवायचं असतं."

त्यावर मी बराच विचार केला. रंगवताना आपण मुलांना एकच गोष्ट सांगतो, रेघेबाहेर जाऊ नका. वर्षानुवर्षं मी ती सांगत होते आणि तेवढंच बघून शाबासकी देत होते. पण कुठली रेघ बंद करायची आणि कुठली उघडी ठेवायची हे ठरवणं हेही शिकवावं लागतं. मुलं सांगितलेलं नको इतकं ऐकतात. त्यानंतर मी स्टेन्सिलवर चित्राखाली लिहू लागले, यातलं कोणतं दार उघडं हवं? वाचता न येणाऱ्यांना मी वाचून दाखवायचे. उत्तरांवरून भांडणं व्हायची. ती मी होऊ द्यायचे.

वडिलांनी घरी संगणक आणला होता. एकदा शाळा सुटल्यावर ते गेटपाशी भेटले. मला वाटलं, आता म्हणतील की कागद कशाला. ते म्हणाले, "मॅडम, फट सापडत नसली की आम्ही स्क्रीनवर चित्र मोठं करतो. हे तुम्ही कागदावर का नाही करत? चित्रच मोठं काढा ना. हात पूर्ण फिरेल तिचा." बोलणं चांगलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते थोडे अवघडले आणि म्हणाले, "आमच्या कामात तेच असते जी. चूक बारीक असते, मोठं करून पाहायची."

त्यानंतर दर शनिवारी अंगणातल्या फरशीवर मी खडूने हातभर अक्षरं काढायचे आणि मुलं त्यांवर बसून दारं लावायची. ती मुलगी उकिडवी बसून सरकत सरकत आख्खा क फिरून यायची. हात थकला की डाव्या हाताने उजवा चोळायची. पण "संपला" म्हणायचं तिने सोडलं होतं. "थांबलाय" म्हणायची.

मार्चमध्ये ती वहीत लिहू लागली. अक्षर मोठं, तिरकं, एका ओळीत तीन शब्द मावतील न मावतील असं. दोन वाक्यं झाली की थांबायची. पाच होतील का, हे मला सांगता येत नव्हतं. मोठ्या बाईंना मी विचारलं की तिला थोडा जास्त वेळ देता येईल का. त्या म्हणाल्या, "मधल्या सुट्टीपर्यंत बसू द्या. सुट्टीत मी शाळेत नसते, असं समजा." एवढं त्यांच्याकडून मिळणं म्हणजे खूपच होतं.

परीक्षेच्या दिवशी आई गेटबाहेर झाडाखाली येऊन उभी राहिली. वडिलांनी ऑफिसातून रजा घेतली होती. त्यांना मी आत येऊ नका म्हणून सांगितलं, मुलं खिडकीकडे बघत बसतात. प्रश्नपत्रिका मीच काढली होती. वरच्या अर्ध्या भागात पाच वाक्यं लिहायला ओळी. खाली रंगवायला एक चित्र, कैऱ्या लागलेलं आंब्याचं झाड, त्याला दहा गुण. रंगकाम मुलांच्या आवडीचं, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. लिहून दमली की त्यात विसावतील.

फळ्यावर मी पाच वाक्यं लिहिली. घंटा झाली. मी वर्गात फिरत होते आणि तिच्या बाकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोनतीनदा बघितलंच. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. हात मांडीवर. तिसऱ्याला पेन्सिल खाली पडली, शेजारणीने उचलून दिली, काही न बोलता. ही शेजारीण गप्प बसू शकते हे मला त्या दिवशी कळलं. चौथं वाक्य लिहायला घेतलं तेव्हा बाकीची मुलं झाड रंगवत होती. डब्यातले हिरवे खडू संपत आले होते.

वेळ संपल्याची घंटा झाली. मुलं पेपर देऊन बाहेर गेली. ती बसून राहिली. शेजारीणही बसली. तिला मी बाहेर घालवलं. वर्गात आम्ही दोघीच. मी पेपर मोजत असल्यासारखं केलं. पेन्सिलीचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. पाचवं वाक्य होतं, "झाडावर खूप कैऱ्या आहेत." "कैऱ्या" तिने दोनदा खोडून लिहिलं. मग तिने पूर्णविराम दिला. तो इतक्या जोरात दिला की कागदाला भोक पडलं.

"झाड राहिलं बघ," मी म्हटलं. "अजून वेळ आहे. रंगव की."

तिने झाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि पेपर उचलून माझ्या हातात दिला.

"नको. लिहून झालं ना."

आम्ही दोघी बाहेर आलो. आई पुढे आली, वडील मागे थांबले. मी पेपर त्यांच्यासमोर धरला. असा दाखवायचा नसतो, तरी धरला. आईने एकेक ओळ बोटाने वाचली आणि मुलीचा उजवा हात हातात घेऊन तो चोळायला लागली, मुलगी "सोड ना" म्हणत राहिली.

वडिलांनी पेपर खालपर्यंत पाहिला. "हे झाड पांढरंच ठेवलं काहून? दहा मार्क आहेत ना याला."

"आहेत," मी म्हटलं.

"मग हिला त्यात किती देणार?"

"शून्य."

त्यांनी वरच्या पाच ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग पहिल्यांदाच मोठ्याने हसले आणि बायकोला म्हणाले, "ऐकलं का? शून्य मिळालं. चला आता, पेढे घेऊ."

मोठ्या बाईंनी संध्याकाळी निकालाचा तक्ता पाहिला. तिच्या नावापुढे लेखीच्या रकान्यात पूर्ण, रंगकामाच्या रकान्यात शून्य. त्यांनी चष्म्यावरून मला विचारलं, "रंगकाम तुमचा लाडका विषय. त्यात तुमचीच मुलगी नापास?"

"तिला आता गरज नाही त्याची," मी म्हटलं.

त्यांनी तिला दुसरीत घालून खाली सही केली आणि पुढचं पान उलटलं.